आकडा

आमच्या यवतमाळच्या घराच्या ओसरीत, छतापासून हातभर खाली, विजेचा मीटर बसविलेला आहे. तो इतक्या उंचावर का बसविला, हे बसविणारालाच ठाऊक. दर महिन्यास एक तरुण येई, टाचा उंच करून मीटरचे छायाचित्र घेई, सौ.ने पुढे केलेला पाण्याचा पेला रिकामा करी आणि शेजारच्या फाटकात शिरे. आपण किती वीज जाळली ते दुसऱ्याने येऊन पाहावे व मागाहून आपण बिलावर कुरकुरावे, हीच जगरहाटी, असे आम्ही धरून चाललो होतो.

मार्च 2020 च्या अखेरीस ही रहाटी थांबली. टाळेबंदीत महावितरणने घरोघर जाऊन मीटर वाचण्याचे काम बंद केले आणि ग्राहकांस कळविले की, आपला आकडा आपणच वाचावा, त्याचे छायाचित्र घ्यावे व मोबाइलवरील अ‍ॅपातून पाठवून द्यावे. जो पाठविणार नाही, त्यास मागील महिन्यांच्या सरासरीने बिल येईल. पुष्कळांनी काहीच पाठविले नाही. थंडीच्या दिवसांची सरासरी उन्हाळ्यास लागू झाली, तर कोणास नको होती? ते खोटे बोलले असे म्हणवत नाही. ते बोललेच नाहीत. जूनमध्ये सर्व महिन्यांचे एकत्र बिल हाती पडले, तेव्हा मात्र सारा महाराष्ट्र एकदम बोलू लागला.

आम्ही आकडा पाठविणाऱ्यांपैकी होतो. गुडघ्यांमुळे आम्हांस स्टुलावर चढवत नाही. टाळेबंदीपूर्वी आमची दहा वर्षांची नात आमच्याकडे आली होती, ती इथेच अडकली. तिने हे काम मोठ्या हौसेने पत्करले. मीटरच्या काचेत आकडे आळीपाळीने येतात व जातात. त्यांतला युनिटांचा आकडा नेमका कोणता, हे ओळखण्याचा सराव ती चार-सहा दिवस आधीपासून करीत असे व प्रत्येक वेळी छायाचित्र घेत असे.

मे महिना आला. यवतमाळचा मे ज्यांनी सोसला आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. घरात दोन कूलर, माणसे कोंडलेली. एके सायंकाळी कुंपणापलीकडून, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून, शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “भाऊसाहेब, तीनशेच्या वर गेले का हो युनिट?”

गेले होते, तीनशे साठ झाले होते. तीनशेच्या रेषेचे महत्त्व त्यांनी आम्हांस समजाविले. त्या वर्षी पहिल्या शंभर युनिटांचा दर तीन-साडेतीन रुपये, त्यापुढे तीनशेपर्यंत सात-साडेसात, आणि तीनशे ओलांडले की दहाच्या आसपास. इतर आकार निराळे. तेव्हा साठ युनिटे तीनशेच्या वर जाऊ न देता पावसाळी महिन्याच्या पोटात घातली, तर करासह सुमारे दोनशे रुपये वाचतात. “तुमच्या नातीने मागच्या आठवड्यात फोटो काढला होता नं? तोच द्या पाठवून. फोटो खरा, आकडाही खरा. आम्ही तसेच केले.”

आकडा खरा, दिवस तेवढा खोटा! धर्मराजाने अश्वत्थाम्याच्या नावाचा हत्ती असाच वापरला होता. त्या एका उद्गारापायी त्याचा रथ जमिनीस टेकला म्हणतात. आमच्याजवळ रथच नव्हता, त्यामुळे तीही भीती नव्हती.

आम्हांस प्रथम नीती सुचली नाही, गणित सुचले. सहा दिवसांपूर्वीचे छायाचित्र, दिवसाला बारा युनिटे, म्हणजे बहात्तर. तीनशे साठाचे दोनशे अठ्ठ्याऐंशी झाले. गणित बिनचूक जमले आणि मग त्याच्या संरक्षणार्थ युक्तिवाद आपोआप गोळा होऊ लागले. पहिला असा की, ही चोरी नव्हेच. मीटर काही मागे फिरत नाही. आज लपविलेली युनिटे पुढल्या महिन्यात उघडी पडणारच. फार तर हे हातउसने. दुसरा असा की, समोरच्या बाजूचे आकडे तरी कोठे सोवळे आहेत? आमच्या जिल्ह्यातील कापसाच्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या पंपांना मीटर नाही, अश्वशक्तीवर आकारणी होते. आणि गळती झाकण्यासाठी शेतीचा वापर फुगवून दाखविला जातो, असा आक्षेप ग्राहक संघटना वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत. शिवाय आमच्याच वणीचा कोळसा वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत पडतो. त्या विजेवर आमचा काहीच हक्क नाही काय? या शेतकऱ्याची किंवा वणीच्या धुळीची आठवण आम्हांस त्यापूर्वीच्या वर्षभरात किती वेळा झाली होती, हे विचाराल तर एकदाही नाही. दोनशे रुपयांनी आमची समाजाविषयीची कळकळ एकाएकी जागी केली.

हा मोह यवतमाळपुरता नाही. इंग्लंडात 1 एप्रिल 2022 रोजी विजेच्या व गॅसच्या दराची मर्यादा 54 टक्क्यांनी वाढणार होती. आदल्या दिवशी आपापला आकडा नोंदविण्यासाठी लोकांची अशी झुंबड उडाली की, कित्येक कंपन्यांची संकेतस्थळे कोलमडली. जुन्या दराने जाळलेले जुन्याच दरात मोजून घेणे, यात काही गैर नाही. पण उद्याची थोडी युनिटेही आजच्याच भावात टाकून द्यावीत, असे त्या रात्री किती सज्जनांच्या मनात आले असेल!

मराठीत आकडा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गावाबाहेरच्या वस्तीतला मनुष्य अंधारात तारेवर आकडा टाकतो. तो सापडला म्हणजे 2003 च्या वीज कायद्याच्या 135 व्या कलमाखाली त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि आपण सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता या देशाचे कसे होणार म्हणून हळहळतो. आम्ही टाकणार होतो तोही आकडाच. फरक इतकाच की त्यास बांबू लागतो, आम्हांस नात पुरते. आणि ज्या रेषेखाली आम्ही दडणार होतो, ती रेषा त्याच्यासारख्यांसाठीच ओढलेली आहे. पहिली शंभर युनिटे स्वस्त मिळतात, त्यांचा भार काही अंशी अधिक जाळणारे उचलतात आणि काही अंशी कारखाने. दोन कूलरवाल्या घराने तीनशेवर दिलेले जादा तीन रुपये म्हणजे एका दिव्याच्या घराचा वाटा. हे आम्हांस त्या सायंकाळी ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही ते बाजूस ठेवले होते.

आम्ही नातीस हाक मारली आणि म्हटले, “मागच्या आठवड्यातला फोटो आहे ना तुझ्याकडे? तोच पाठव.”

“पण आजोबा, आजचा आकडा वेगळा आहे.”

“असू दे. सहा दिवसांनी काय होते?”

तिने थोडा विचार केला. “मग ते सहा दिवस कोणाचे?”

प्रश्न हिशेबाचा होता; तिने तो हिशेबासाठीच विचारला होता. तिच्या डोळ्यांत यत्किंचितही ठपका नव्हता. तो असता तर आम्ही रागावून सुटलो असतो.

आम्हांस मूर्तिजापूरचे स्टेशन आठवले. 1965 ची दिवाळी. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत एकशे तेरा किलोमीटर त्या वेळी वाफेवर चालणारी शकुंतला, तिच्या डब्यातली दिवसभराची धूळ, आणि अर्ध्या तिकिटावर आम्ही. अर्धे तिकीट बारा वर्षांपर्यंत. आम्हांस बारावे संपून महिना झाला होता. फाटकावरच्या तपासनिसाने वडिलांस विचारले नाही, आम्हांस विचारले, “काय वय रे तुझे?” वडील दुसरीकडे पाहू लागले. आम्ही म्हणालो, “अकरा.” तो हसला व त्याने सोडले. वाचलेल्या पैशांतून वडिलांनी आम्हांस स्टेशनबाहेर भजी घेऊन दिली. ती आम्ही खाल्ली आणि ती चांगली होती. वडील गरीब होते, प्रामाणिक होते. त्यानंतर त्यांनी आमच्याजवळ कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. शकुंतला आता धावत नाही. ती चालू होती तोवर तिची शिटी ऐकू आली की, वडिलांचे ते दुसरीकडे पाहणे आम्हांस दिसे.

“ते सहा दिवस आपलेच,” आम्ही म्हणालो. “जा, आजचा काढ.”

ती स्टुलावर चढली. आम्ही स्टूल धरून उभे राहिलो.

बिल तीनशे साठ युनिटांचे आले व आम्ही नेहमीप्रमाणे त्यावर कुरकुरलो. शेजाऱ्यांचे दोनशे रुपये वाचले. त्यांस काहीही झाले नाही. त्यांची प्रकृती उत्तम आहे आणि कुंपणावरून त्यांनी आम्हांस पाठविलेले आंबे फार गोड निघाले.

पुढे मीटर वाचणारा तरुण पुन्हा येऊ लागला. पहिल्याच दिवशी नात त्याच्या पाठोपाठ ओसरीत गेली आणि तिने त्यास विचारले, “दादा, आमचा मागचा आकडा बरोबर होता ना?”

“मागचे मला काय ठाऊक, ताई,” तो टाचा उंच करीत म्हणाला. “मी आजचा पाहतो.”

सौ.ने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला नाही. बाटली त्याने घरून आणली होती.