आजीची वाट

"ताई, बस असताना पायी कशाला?" रामटेकला निघताना एका कार्यकर्त्या पोरानं विचारलं.

माझी आजी १९५६ साली बारा वर्षांची होती. रामटेकजवळच्या खेड्यातून बापासोबत ती दीक्षेसाठी नागपूरला पायी गेली. तिची वाट मला एकदा स्वतः चालून पाहायची होती.

आधी गडावर गेलो. तिथल्या धूम्रेश्वराच्या देवळाचं नातं स्थानिक आख्यायिका शंबुकाशी जोडते. तप केलं म्हणून मारला गेलेला शूद्र, तो शंबुक. आधी वध, मग पूजा! दंडाच्या धाकाशिवाय चातुर्वर्ण्य टिकत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये याच शंबुकाचं उदाहरण देऊन सांगितलं.

मग मनसर, कन्हान, कामठी. सुमारे पन्नास किलोमीटर, दोन दिवस. ट्रकांची धूळ खात रस्त्याच्या कडेनं चाललो. माझ्या तळपायांना फोड आले, तेही बूट घालून. आजी अनवाणी होती.

शंबुक एकटा होता, म्हणून मारता आला. १४ ऑक्टोबरला लाखो लोक एकत्र आले, तेव्हा तो धाकच मोडला. त्यांतले कितीतरी आजीसारखेच पायी आले होते.

मित्रांनो, ही वारी नाही. नवस नको, पुण्य नको. आपापल्या गावातून दीक्षाभूमीपर्यंत चाला. वाटेतल्या गावांत म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. ती पिढी संपत चालली आहे. माझ्या आजीला मी वेळेत विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा.

जय भीम!