पंधरावा दगड

व्यापारानिमित्त ओसाकाला जाण्याचा योग यापूर्वी दोनदा आला होता. पण कारखाना, गोदाम आणि हॉटेल यांपलीकडचा जपान पाहिला नव्हता. गेल्या कार्तिकात काम लवकर आटोपले, तेव्हा एकटाच क्योतोला गेलो. पिशवीत घरचे खाखरे होते आणि पायांत कापडी बूट.

सकाळी नऊ वाजता किंकाकुजीचे, म्हणजे सुवर्णमंडपाचे, दार उघडले. तळ्याकाठच्या या वास्तूचे वरचे दोन मजले सोन्याच्या वर्खाने मढवलेले आहेत. १९५० मध्ये ती आगीत जळाली आणि १९५५ मध्ये पुन्हा उभी राहिली. पाण्यातले तिचे प्रतिबिंब न्याहाळताना मनाने सोन्याचा हिशेबही मांडला, हे कबूल केले पाहिजे.

तेथून र्‍योआन्जी मंदिर पायी सुमारे वीस मिनिटांवर आहे. याची स्थापना १४५० मधली. ओसरीवर चढण्यापूर्वी बूट काढावे लागतात. देरासराची आठवण झाली. समोरच्या बागेत ना फूल, ना पाणी. साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अंगणात पांढरी खडी पसरलेली, तिच्यावर दाताळ्याने ओढलेल्या रेषा आणि मधे शेवाळाने वेढलेले १५ दगड. ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा दगड दुसऱ्याआड राहावा, अशी ही मांडणी आहे. मी तीनदा जागा बदलली. पंधरावा काही सापडला नाही. शेजारची एक वृद्धा मात्र मोजत नव्हती. नुसती बसली होती.

मागच्या बाजूस हात धुण्याचे एक दगडी कुंड आहे. जुन्या नाण्यासारखे गोल, मध्यभागी चौकोनी खळगा. सभोवती कोरलेली चार अक्षरे एकेकटी अपुरी आहेत. मधला चौकोन जोडून वाचला की अर्थ लागतो: ‘मी केवळ समाधान जाणतो.’

आमचे वडील दर पर्युषणात परिग्रह-परिमाणाचा आकडा वहीत लिहीत. त्यांच्यानंतर ती वही माझ्याकडे आली आणि गेली तीन वर्षे ते पान कोरेच राहिले. ‘तिसरे दुकान होऊ दे, मग लिहू,’ असे मी म्हणत आलो. धाकटा भाऊ एकदा म्हणाला होता, “दादा, आता थांबू या.” त्याला मी उत्तर दिले नव्हते.

दुपारी भोजनाचा प्रश्न उभा राहिला. येथील रश्श्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ या जेवणात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र मुळा, कमळकाकडी यांसारखी कंदमुळे असतात, म्हणून आपण विचारूनच घ्यावे. मी मीठ लावलेला भात आणि खाखरे यांवर भागवले. या दिवसांत तेथे सूर्य पाचच्या आधीच मावळतो, त्यामुळे चौविहारासाठी घाईने परतलो. पोट भरले होते. काही उणे वाटले नाही.

घरी आल्यावर वही काढली आणि आकडा लिहिला. तो वडिलांच्या आकड्याहून मोठा आहे, याची लाज वाटली. तरी त्याला सीमा आहे. भावाला पान दाखवले. त्याने वाचले, वही मिटली आणि दुकान उघडायला निघाला. जे दुसरे आहे, तेच.