कारिटाची सकाळ आणि सोंगांची संध्याकाळ

मुंबईच्या उपनगरांत शरद् ऋतु आला हें आकाशावरून फारसें कळत नाहीं. इमारतींच्या फटींतून दिसणारें आकाश तें केवढें, आणि त्यांतली निरभ्रता ती कितीशी! परंतु बोरिवली स्टेशनाच्या बाहेर बाजाराच्या वाटेनें सकाळीं एक फेरी मारावी, म्हणजे ऋतुपालट तत्काळ ध्यानांत येतो. सासवडकडचीं सीताफळें, सोलापूरकडचीं डाळिंबें, नागपुरी संत्र्यांचे पहिले ढीग, केळ्यांचे घड, आणि उकडून काळेभोर झालेले शिंगाडे. दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली कीं ह्या श्रीमंत फळांच्या पायाशीं, पोतें पसरून बसलेल्या बायकांपुढें, एक गरीब फळ येऊन बसतें. तें म्हणजे कारीट. लहानशा अंड्याएवढें, हिरवें, फिकट रेघांचें, काकडीच्या कुळांतलें, आणि चवीला जहर कडू. खाण्यासाठीं तें कोणी घेत नाहीं, फोडण्यासाठीं घेतात.

देशावरच्या वाचकांस हा प्रकार कदाचित् ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. कोंकणांत व मुंबईकडे नरकचतुर्दशीस पहांटे अभ्यंगस्नान झालें म्हणजे तुळशीपाशीं डाव्या पायाच्या अंगठ्यानें कारीट चिरडावयाचें. कोणी त्याचा रस जिभेस लावतात, कोणी कपाळास. हें कारीट म्हणजे नरकासुर. सोळा सहस्र स्त्रियांस बंदींत ठेवणारा प्राग्ज्योतिषपुरचा तो बलाढ्य राजा. त्याच्या वधासाठीं श्रीकृष्णाला सत्यभामेसह गरुडावर बसून जावें लागलें. आणि आमच्या पोरांनीं तो एका अंगठ्याखालीं संपवावा! गोव्यांत त्याचे मोठमोठे पुतळे करून पहांटे जाळतात. उपनगरांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तेवढी जागा कोठली? येथें गॅलरींतल्या तुळशीच्या कुंडीपाशींच हा असुरवध उरकावा लागतो.

सन २०२४ सालीं एक मौजेचा योग जुळून आला. त्या वर्षीं नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, गुरुवारीं आली. आणि ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे पाश्चात्त्यांची ‘हॅलोवीन’. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोठेंहि पहा, मोठ्या सोसायट्यांतून आतां त्या सुमारास मुलांचा वेषांतराचा मेळा भरूं लागला आहे. कोणी हडळ होतें, कोणी सांगाडा, कोणी पांढरी चादर पांघरून भूत. आणि दिसावयास भयानक पण खावयास गोड असा खाऊ घरोघरून न्यावयाचा असतो. आमच्या सोसायटीनें त्या वर्षीं असें ठरविलें कीं, दिवाळीच्या तळणाची आधींच रेलचेल आहे, तेव्हां मेळ्याचा खाऊ फळांचाच असावा. मुलांच्या पोटांचा विचार करणारी ही सूचना मला तरी शहाणपणाची वाटली.

आमच्या घरची अडचण निराळीच होती. माझी पत्नी त्याच वर्षीं श्रावणांत निवर्तली होती. घरांत वर्ष चालू. दाराला तोरण नाहीं, खिडकींत आकाशकंदील नाहीं. नातीला पहांटे तेल-उटणें लावलें आणि तिच्या पायाखालीं कारीट ठेवलें, एवढीच काय ती दिवाळी. अशा घरानें पोरीला भुतांच्या मेळ्यास पाठवावें काय? सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तुम्हीच सांगा. लोक काय म्हणतील तें राहूं द्या; पण माझ्याच मनाला तें कसेंसेंच वाटतें.”

उत्तर देण्यापूर्वीं हा सण मुळांत काय आहे तें पाहणें भाग होतें. ‘हॅलोवीन’ ह्या शब्दाचा अर्थच सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या असा आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. आयर्लंड-स्कॉटलंडकडे ह्या रात्रीं सलगम कोरून, त्याला अक्राळविक्राळ तोंड करून, आंत दिवा ठेवण्याची चाल होती. तेथले लोक अमेरिकेस गेले तेव्हां सलगमाची जागा नारिंगी भोपळ्यानें घेतली. सुगी संपली, रात्री वाढूं लागल्या, गेलेल्यांची आठवण दाटली, कीं फळाला भयाचें तोंड द्यावयाचें आणि जवळ दिवा लावावयाचा! आमच्या आश्विनांत तरी ह्याहून निराळें काय आहे? चतुर्दशीस यमतर्पण आहे. प्रदोषकाळीं पितरांस वाट दिसावी म्हणून उल्कादान सांगितलें आहे. आणि पहांटे पायाखालीं कारीट आहेच.

शिवाय हे दिवस आमच्या उपनगरांस परके नाहींत. हीं सारीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, तें सन १५३४ पासून मराठ्यांनीं १७३७ त जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होतें. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत नृत्य करणारा शिव, आणि त्याच लेण्यांच्या माथ्यावर पोर्तुगीज मठाच्या पडक्या भिंती, असा देखावा आजहि दृष्टीस पडतो. अंधेरीस सीप्झच्या आवारांत, सन १५७९ मध्यें जेसुइटांनीं बांधलेलें कोंडिविट्याचें चर्च ओसाड उभें आहे. १८४० च्या सुमारास सांथीमुळें तेथली वस्ती उठली आणि लोक मरोळकडे गेले. येथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ह्याच मातीचे, घरांत मराठीच बोलणारे. त्यांच्यांत जुनें महत्त्व आहे तें २ नोव्हेंबरला. सोंगें हा अलीकडचा पाहुणा.

तेव्हां मीं सूनबाईंना सांगितलें, “पोरीला पाठवा. खाऊ मी करतों. अट एकच. ताटांत असुर असतील, राक्षस असतील. परंतु भूत एकहि असणार नाहीं.”

शिंगाड्यांस फारसें कांहीं करावें लागलें नाहीं. उकडलेल्या शिंगाड्याला निसर्गानेंच दोन शिंगें आणि काळें तोंड दिलें आहे. डोळ्यांच्या जागीं चक्क्याचे दोन ठिपके ठेवतांच महिषासुर तयार! शिंगांचीं टोकें मात्र कातरीनें बोथट केलीं, आणि सालीला मागून आधींच चीर दिली, म्हणजे आंतला पांढरा गर लहान बोटांना सहज काढतां यावा.

संत्र्याचें वरचें टोपण कापून आंतल्या फोडी हलक्या हातानें काढल्या, सालीला डोळे व मोठें थोरलें तोंड कोरलें, आणि बिया काढलेल्या फोडी पुन्हां आंत भरून दोन-तीन तोंडांतून बाहेर लोंबत्या ठेवल्या. हा गाडाभर अन्न खाणारा बकासुर. केळें सोलून, अर्धें करून, आडवें निजविलें. काळ्या मनुकेचे बारीक तुकडे मिटलेल्या डोळ्यांसारखे बसविले, अंगावर ओल्या खोबऱ्याच्या चवाचें पांघरूण घातलें. तो कुंभकर्ण. पेरूच्या गोल चकतीवर मधोमध मनुका ठेवली कीं वटारलेला डोळा होतो. असे पंधरा-वीस डोळे ताटाच्या कडेनें मांडले.

सफरचंदाच्या लाल सालीच्या दोन फोडी म्हणजे ओठ, मधें चक्क्याचा थर, आणि त्यांत ओळीनें खोंवलेले डाळिंबाचे दाणे म्हणजे दांत. हें तोंड इतकें उग्र दिसलें कीं सूनबाईहि क्षणभर दचकल्या. परंतु तें असुराचें नव्हे. देवीमाहात्म्यांत देवी सांगते कीं, दानवांस भक्षण केल्यावर माझे दांत डाळिंबाच्या फुलासारखे लाल होतील आणि लोक मला रक्तदंतिका म्हणतील. म्हणून त्या तोंडाला ताटाच्या मध्यभागीं मान दिला. उरलेले दाणे म्हणजे रक्तबीज. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला कीं नवा असुर उठे. यास्तव दाणा खालीं न सांडतां खावयाचा, असा नियम मुलांना घालून दिला. सोसायटीच्या सतरंजीचें रक्षण त्या नियमानें उत्तम झालें.

गृहिणींसाठीं दोन सूचना. कापलेल्या सफरचंदाला व केळ्याला लिंबाच्या रसाचें बोट फिरवावें, नाहीं तर घटकाभरांत तीं काळवंडतात. आणि डोळे-नाक बसविण्यास लवंगा किंवा दांतकोरणीच्या काड्या वापरूं नयेत. अंधारांत, घाईघाईनें, लहान मूल तीं गिळावयाचें. त्याच कारणानें सीताफळ मीं ताटांत घेतलें नाहीं.

मनुका निवडतां निवडतां नातीनें मध्येंच विचारलें, “आजोबा, मेलेलीं माणसें आज परत येतात, असें खालचीं मुलें म्हणतात. मग आजी आली तर तीहि अशी भयंकर दिसेल?”

सूनबाईंचा हात थांबला. मीं पोरीला जवळ घेतलें. म्हटलें, “संस्कृतांत भूत म्हणजे नुसतें होऊन गेलेलें. जें होऊन गेलें आणि ज्याची ओळख कोणाला राहिली नाहीं, त्याचें भय वाटतें. ज्याचें नांव घेऊन आपण पाणी देतों तो पितर. त्याचें भय कसलें? आजीचें नांव तुला ठाऊक आहे ना?”

तिनें आजीचें नांव सांगितलें. नंतर माहेरचेंहि सांगितलें. आणि पुन्हां मनुका निवडूं लागली.

मुलांना भयाच्या गोष्टींपासून अजीबात दूर ठेवावें, असें म्हणणारे पालक हल्लीं पुष्कळ भेटतात. त्यांनीं एकदां बोरिवलीच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानांतल्या कान्हेरी लेण्यांस जावें. तेथें ९० व्या लेण्यांत अवलोकितेश्वराचें शिल्प आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांस माणसाचीं महाभयें कोरलेलीं आहेत. हत्ती, सिंह, सर्प, अग्नि, चोर, बुडतें जहाज! ज्या डोंगरांत रात्रीं श्वापदें फिरत, त्याच डोंगरांत राहून त्या भिक्षूंनीं भयांस रूप दिलें, त्यांची गणती केली. मोजतां येतें तें भय आटोक्यांतलें. शिंगाड्याला डोळे लावणारें मूल आपल्या परीनें दुसरें काय करतें?

संध्याकाळीं मेळ्यांत माझी नात सत्यभामा होऊन गेली. हातांत बांबूचें धनुष्य, आणि कमरेला तिच्या आजीचा जांभळा शेला. सांगाडे, हडळी आणि चादरीचीं भुतें ह्यांच्या गर्दींत ती एकटीच धनुष्य घेऊन उभी, चादरीच्या एका भुतानें तिला विचारलें, “तूं कोण?” तिनें साऱ्या मुलांना सकाळच्या कारिटासकट नरकासुराची कथा सांगितली. कुंभकर्ण प्रथम संपला, महिषासुर त्याच्या पाठोपाठ. रक्तदंतिकेस हात लावावयास मात्र बराच वेळ कोणी धजेना.

२ नोव्हेंबरला बलिप्रतिपदा होती. बळी हाहि असुरच. पण हा पायाखालीं घ्यावयाचा नव्हे, पूजावयाचा. त्या दिवशीं सायंकाळीं फिरावयास गेलों असतां जवळच्या ख्रिस्ती दफनभूमींत माणसांची दाटी दिसली. प्रत्येक कबर धुतलेली, फुलें घातलेली, वर मेणबत्त्या तेवत असलेल्या. गुरुवारचें तें चादरीचें भूत आईबरोबर एका कबरीपाशीं उभें होतें. अंगांत इस्तरीचा पांढरा सदरा, केंस नीट विंचरलेले. वारा सुटला होता, आणि त्या मुलानें दोन्ही हातांचा आडोसा करून मेणबत्ती जपून धरली होती.