स्क्वेल्च म्हणजे पचपच

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि हयातभर मराठी नि इतिहास शिकवलेल्या माणसाने चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाड्यांमध्ये बिनतारी सेट बसवण्याच्या भानगडीत का पडावं, असा प्रश्न माझ्या सुनेला अजून पडतो. मलाही अधूनमधून पडतो. पण पडलो खरा.

१९७४ साली मी वेल्ह्याच्या हायस्कूलात लागलो. पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, आणि इतिहासाचा धडा एकदा ऐकला की दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा म्हणून दाखवायची. सातवी झाली आणि बापाने तिला शाळेतून काढली. आवणीला माणूस कमी पडतं, म्हणाला. मी घरी जाऊन आलो. चहा पाजला, "बघू सर" म्हणाला, आणि झालं. मी पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं.

ती मुलगी आता साठीला टेकली आहे. वेल्ह्याबाहेर एका वाडीत घर आहे, दोन मुलगे आहेत. (आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणायचं, पण आमच्या तोंडी वेल्हेच.) थोरल्याकडे एक जुनी फोर व्हील जीप आहे. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढायचं काम तो करतो, आणि मढे घाट बघायला येणाऱ्या शहरी मंडळींच्या कृपेने ते काम भरपूर असतं. धाकट्याकडे पिकअप. तो केळदच्या बाजूच्या वाड्यांवरून दूध गोळा करून आणतो.

२०२३ च्या जुलैत, इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्याच आठवड्यात, धाकटा संध्याकाळी दूध घेऊन निघाला आणि घरी आलाच नाही. पुढे रस्त्यावर माती आली होती. मागे वळवायला गेला तर तिकडेही आलेली. फोनला रेंज नाही. रात्रभर कॅबिनमध्ये बसून राहिला. त्याला काहीही झालं नव्हतं! सकाळी चालत निघाला आणि आठच्या सुमाराला घरी पोचला. पण घरात टीव्हीवर दिवसभर इर्शाळवाडीची चित्रं पाहिलेली, आणि आई रात्रभर उंबऱ्यावर बसलेली. तिने त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि सांगितलं, गाडी विकायची.

थोरल्याने समजूत घातली, सुनांनी घातली. शेवटी तिने एक अट घातली. "गाडीतनं बोललेलं हितं घरात ऐकू येईल असं कायतरी बसवा. आवाज आला पायजे. न्हाईतर विका."

थोरला मग माझ्याकडे भोरला आला, हातात एक खोकं घेऊन. ऑनलाइन मागवलेले दोन वॉकीटॉकी. "सर, इंग्रजी पुस्तक हाय आत. जरा वाचून सांगा."

माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश घेऊन बसलो. दोन दिवसांनी एवढं कळलं, की हे सेट ज्या लहरींवर चालतात त्यांना सरकारचा परवाना लागतो. खोक्यावर त्याचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. (पुढे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आम्ही त्याआधीचे गिऱ्हाईक.) ते सेट परत पाठवायला लावले. साध्या रेडिओचंही लायसन्स पोस्टात नेऊन दर वर्षी पैसे भरायचे, त्या काळातली आम्ही माणसं. विनापरवाना बोलायचं म्हटलं की अजून छातीत धडधडतं.

४४६ मेगाहर्ट्झवरचे छोटे सेट २०१८ पासून परवानामुक्त झाले आहेत, तेही आणून पाहिले. एक गाडी ओढताना दुसऱ्या ड्रायव्हरला "आता सोड, आता धर" सांगायला उत्तम. पण वळणाआड डोंगर आला की आवाज गप्प.

मग आला सीबी रेडिओ. सिटिझन बँड, म्हणजे नागरिकांची पट्टी. लहर सुमारे ११ मीटर लांबीची. अमेरिकेत ही २७ मेगाहर्ट्झची सेवा १९५८ पासून आहे. १९७३ च्या तेलटंचाईत तिथे हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत हे ट्रकवाले एकमेकांना या रेडिओवरून सांगू लागले. पुढे त्यावर गाणी निघाली, सिनेमा निघाला. त्यांचं १९ नंबरचं चॅनेल आजही ट्रकवाल्यांचं मानलं जातं. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढी पट्टी ५ वॉटपर्यंत परवान्याशिवाय खुली झाली. अट अशी की तुम्ही कुणाला त्रास द्यायचा नाही, आणि तुम्हाला कुणाचा झाला तर तक्रार करायची नाही. सरकारी नियमांत एवढी शहाणी अट मी दुसरी पाहिलेली नाही.

पण सवलत असून वापरतो कोण? आमचे सेट बसल्यावर एकदा नसरापूर फाट्यावर पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही १९ नंबर लावला. समोरून ट्रकमागून ट्रक चाललेत आणि सेटमधून नुसती खरखर. आपल्या ट्रकवाल्याची भाषा डिपर, हॉर्न आणि खिडकीबाहेर काढलेला हात. म्हणजे आपण सेट घेतला तर ऐकणाराही आपणच बसवायला हवा. आम्हाला तीन लागणार होते: पिकअपला, जीपला आणि घराला. त्यासाठी एक म्हैस विकली गेली. हे थोरल्याने मला नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर मी कदाचित मोडता घातला असता.

सेट निवडताना मी दोनच गोष्टींवर अडून बसलो. एक, सरकारी मान्यतेचा कागद. दोन विक्रेत्यांनी हसण्यावारी नेलं, तिसऱ्याने दाखवला. दुसरी गोष्ट व्होल्टची. हे सेट १२ व्होल्टवर चालतात. पिकअप आणि जीपची बॅटरी १२ व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुतेक २४ व्होल्टची. तिथे मध्ये कन्व्हर्टर न घालता सेट जोडला तर जळालाच म्हणून समजा. थोरल्याचा एक ट्रकवाला मित्र आमचा सेट आपल्या गाडीत लावून बघायला निघाला होता, त्याला वेळेवर थांबवलं.

आणखी एक गंमत. या सेटवर चॅनेलं ४०. पण तक्ता काढून बघितला तर २७ वं चॅनेल २७.२७५ वर आणि २८ वं २७.२८५ वर. आपली हद्द २७.२८३ ला संपते! तेव्हा तिन्ही सेटवर मी माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवली: ‘१ ते २७ च. पुढे जाऊ नये.’ आमचं चॅनेल कुठलं ठेवायचं? आईने लगेच सांगितलं, अकरा. एकादशी म्हणून.

बसवण्यात मात्र पंधरवडा गेला. थोरल्याने आधी पिकअपमध्ये वायपरच्याच वायरला सेट जोडला. गाडी चालू केली की सेटमध्ये शीळ वाजायची, रेस केली की शीळ वर चढायची. पुस्तकात होतं, दोन्ही वायरी थेट बॅटरीला न्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला. तसं केलं आणि शीळ बरीचशी गेली.

खरा घोळ अँटेनाचा. ११ मीटरच्या लहरीला चौथाई म्हटली तरी पावणेतीन मीटरची काठी लागते. ती पिकअपवर उभी केली तर वेल्ह्यातली जांभळं झोडत जाईल. म्हणून बुडाशी तार गुंडाळलेली आखूड अँटेना घ्यावी लागते. तिला खाली लोखंडी पत्रा हवा, आणि तो जितका सर्व बाजूंनी सारखा तितकं बरं. पिकअपला कॅबिनचा टप मिळाला. जीपला ताडपत्रीचा हूड, मग मागच्या बंपरवर पट्टी वेल्ड केली. तिथे मीटर वेडंवाकडं दाखवायला लागलं. अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत येते ते हे मीटर सांगतं. एकाच्या जवळ आकडा हवा, दीडपर्यंत ठीक, तीन म्हणजे सेटला धोका. आमचा तीनवर. कारण काय, तर पट्टीला लावलेला रंग! स्क्रूखालचा रंग कानशीने घासून लोखंडाला लोखंड भिडवलं आणि आकडा दोनवर आला. मग पहिल्या चॅनेलवर आणि शेवटच्या, म्हणजे आमच्या लेखी सत्ताविसाव्यावर, मोजून बघायचं. वरच्या चॅनेलवर आकडा जास्त असेल तर काठी लांब झाली, खालच्यावर जास्त असेल तर आखूड. जराजराशी आत सरकवत दीडवर आणली. आणि अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही, हे मी पाढ्यासारखं दोघांकडून म्हणवून घेतलं.

घराला अॅल्युमिनियमच्या दोन नळ्यांची उभी अँटेना परसातल्या खांबावर चढवली. वीज कडाडायला लागली की तिची वायर सेटमधून काढायची. वेल्ह्यात जून उजाडायच्या आधीच ते रोजचं काम होऊन बसलं.

आता उरली शिकवणी. "सर, मला काय जमायचं न्हाई, सुनेला शिकवा," असं ती म्हणाली. मी म्हटलं, अट तुझी आहे, तूच शिक. सेटवर एक बटण आहे, नाव स्क्वेल्च. मी शब्दकोशात पाहिलं तर अर्थ: चिखलात पाय पडल्यावर होणारा पचपच आवाज! मी चक्रावलो. दुसरा अर्थ खाली होता, दाबून टाकणे. खरखर दाबून टाकायची आणि माणसाचा आवाज आला तरच कान उघडायचा, असं ते बटण. तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की सुना बाहेर आल्या. "म्हंजे पचपच फिरवायचं, व्हय?" त्या घरात त्या बटणाचं नाव पचपच पडलं. जास्त फिरवलं तर लांबचा बारीक आवाजही दाबला जातो. तिने ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि खरखर जेमतेम थांबेल तिथे बटणावर कुंकवाची खूण केली.

मे २०२४ मधली एक दुपार. मी तिथेच होतो. सेटमधून एकदम परक्या भाषेत कुणीतरी बोलायला लागलं. ती दचकली. "सर, ह्यो कोण?" मी समजावलं, वर आकाशात एक थर असतो, सूर्यावर डागांचा जोर असला की या लहरी त्यावर आपटून हजारो मैलांवर उतरतात. ती बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, "एवढ्या लांबचा येतोय. मग माझा त्या डोंगराआडचा का येत न्हाई?"

कारण त्याच आठवड्यात आम्ही चाचणी घेतली होती. धाकटा पिकअप घेऊन गेला, मी वहीत लिहीत बसलो. केळदच्या अलीकडच्या खिंडीपर्यंत आवाज येत होता, कुठे स्वच्छ, कुठे पुसट. खिंड ओलांडली आणि खलास. थेट जाणारी लहर डोंगराला अडते, वरून येणारी दूर कुठेतरी उतरते. मधला माणूस दोन्हींतून सुटतो. मी वर्गात लपवालपवी केली नाही, तिथेही केली नाही. सांगितलं, खिंडीपलीकडचा दीडेक तास तुला काही ऐकू येणार नाही. म्हैस गेली होती, आणि अट पुरी झाली नव्हती.

ती गप्प राहिली. मग विचारलं, "खिंडीत उभं ऱ्हाईलं तर दोन्हीकडचं ऐकू येतं का?"

येत होतं. हे मला सुचलं नव्हतं, थोरल्यालाही नाही. तेव्हापासून रीत अशी: जाताना खिंडीतून एकदा बोलायचं, येताना खिंडीत पोचल्यावर दुसऱ्यांदा. आणि पाऊस दांडगा असेल त्या दिवशी थोरल्याने जीप घेऊन खिंडीत थांबायचं आणि इकडचं तिकडे सांगायचं. हातात माईक धरून गाडी चालवायची नाही, बाजूला घेऊन बोलायचं, हेही तिनेच घातलेलं कलम.

२०२४ च्या जुलैत मी एका संध्याकाळी तिथे अडकलो. भोरला परतायची सोय राहिली नव्हती एवढा पाऊस. सहाला खिंडीतून आवाज आला होता, तिथून पुढे नुसती शांतता. ती सेटसमोर पाटावर बसली होती. मांडीवर वही. हात पचपचवर. सात वाजले. मी काहीबाही बोलायला गेलो, तिने हाताने गप्प केलं, वर्गात मी करायचो तसं.

सातनंतर थोडं खरखरलं. थोरल्याचा आवाज, तुटक. "आई, तो केळदातनं सुटलाय. मागं एक झाड पडलंय, पन तो ह्या बाजूला आलाय. ओव्हर."

तिने बटण दाबलं. "ऐकलं. हळू या म्हणावं. घाई न्हाई." क्षणभर थांबली आणि आठवल्यासारखं म्हणाली, "ओव्हर."

मग वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं: ‘७ वाजून १० मि. केळद सुटला. झाड पडले. पाऊस आहे.’ ‘ळ’ची गाठ अजून तशीच, सातवीतली. वही मिटून तिने चष्मा काढला.

"सर, च्या टाकते. पर तवर तुम्ही हितं बसा, कान द्या."