मागे फिरण्याचे गुण

एका मूल्यमापन तक्त्याची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे. ‘नियोजित स्थळ गाठले का? होय / नाही’ असा रकाना, ‘नाही’भोवती निळ्या शाईचा गोल आणि पुढे 40 पैकी शून्य. नुसतं शून्य असतं तर मी एखाद्या वेळेस सोडूनही दिलं असतं. पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या त्या विद्यार्थिनीचा दोन पानी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि हसत हसत म्हणाले, ‘‘कारणं छान लिहिलीत हो तुम्ही.’’

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात कम्युनिटी कॉलेजचा अभ्यासक्रम चालतो. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने ही योजना आणली. स्थानिक मुलांना स्थानिक कामधंद्याचं कौशल्य द्यायचं, अशी कल्पना. तिथे मी तासिका तत्त्वावर निसर्गभ्रमंती आणि नेतृत्व शिकवतो. नकाशा, होकायंत्र, दोर, प्रथमोपचार, गट सांभाळणं. मुलं येतात ती काशीद-नागावच्या वॉटर स्पोर्ट्सवर काम करणारी, घरचा होमस्टे असलेली, फणसाड अभयारण्यात गाइड व्हायचं असलेली, आणि काही पोलीस भरती होईपर्यंत वेळ काढणारी. अभ्यासक्रम बहुधा हिमालयातल्या कुठल्या तरी कोर्सवरून उचललेला. त्यात हिमदंश आहे, बर्फाची कुऱ्हाड आहे, भरती-ओहोटी नाही. समुद्र वर्गाच्या खिडकीतून दिसतो, पण अभ्यासक्रमात नाही. ‘स्थानिक घटक’ म्हणून एक ओळ रिकामी होती, तिच्यात मी तो बसवला.

बसवला म्हणजे फळ्यावर. कारण पाण्यात जायला बंदी. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सगळीकडे सहलींचे नियम कडक झाले. पालकांचं संमतिपत्र, प्राचार्यांची परवानगी, पोलिसांना पत्र, डॉक्टरांचा दाखला. आमच्या महाविद्यालयाने त्यात स्वतःचं एक वाक्य घातलं : कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्यांना पाण्यात किंवा होडीत नेऊ नये. ज्या मुलाचा बाप रोज होडीवर जातो, त्याने कॉलेजच्या वेळेत होडीत बसायचं नाही. मुरूडची आठवण इथल्या लोकांच्या मनात किती ताजी आहे ते मला माहीत आहे, म्हणून मी त्या वाक्यावर फार हसत नाही. पण पोहणं आणि पाणी वाचणं शिकवायचं नाही आणि वर बंदीचा बोर्ड लावायचा, याला सुरक्षितता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर शून्य मिळालेली ती सहल. अलिबागचा कुलाबा किल्ला. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. नेतृत्वाची परीक्षा म्हणून एकेका विद्यार्थ्याने एकेक मोहीम आखायची आणि न्यायची. मी सोबत असायचं, पण तोंड उघडायचं नाही. त्या दिवशीची नेता एकदऱ्याची, कोळीवाड्यातली मुलगी. वर्गात फारशी न बोलणारी. तिने आखणी दोन आठवडे आधी दिली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित. पंचमी म्हणजे पावणेचार. त्यातून सव्वासहा तास वजा, म्हणजे साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. छापील तक्त्याशी तिने ते ताडून पाहिलं होतं. थोडं मागेपुढे, पण जुळत होतं. साडेआठला किनाऱ्यावर, नऊला किल्ल्यात, तटावरून फेरी, रेखानकाशा, गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, 1849 सालच्या इंग्रजी तोफा आणि अकराच्या आत परत. माझ्या मते आखणी चोख होती.

सकाळी सव्वासहाला मुलं कॉलेजच्या फाटकात हजर. बसही हजर. पण बॅनर हजर नव्हता. बॅनरशिवाय फोटो नाही, आणि फोटो प्राचार्यांच्या हस्ते झेंडा दाखवतानाचा हवा होता, कारण तो वार्षिक अहवालात जातो. साहेब आले पावणेआठला. फोटो झाला. मग बॅनरला एका बाजूने चुण्या पडल्या म्हणून पुन्हा झाला. पुढे रेवदंड्याच्या पुलाशी गाड्यांची रांग. शनिवार होता, मुंबई-पुण्याची सगळी जनता आमच्याच रस्त्यावर. अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

किल्ला समोर होता. मधली वाळू ओली, चकचकीत, खड्ड्यांतून घोट्याएवढं पाणी. घोडागाड्या ये-जा करत होत्या, पर्यटक सँडल हातात घेऊन चालले होते. त्या क्षणी कुणालाही वाटलं असतं की चला. आमच्या मुलांनाही वाटलं. एक जण म्हणाला, ‘‘अगं गाडीवाला नेतोय की!’’ ती काही न बोलता सरळ एका घोडागाडीवाल्याकडे गेली. ‘‘काका, आता गेलो तर दीडच्या आत आणाल का?’’ तो म्हणाला, ‘‘न्यायला नेतो. आणायचं होडीवाल्याला विचार.’’

होडीवाल्याला विचारून उपयोग नव्हता, कारण होडी आम्हाला बंद. म्हणजे आत गेलो की एक तर पाण्यातून परत, नाही तर रात्रीच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यात. तिने वहीत हिशोब मांडला आणि सगळ्यांना दाखवला. ओहोटी संपून सव्वा तास झालाय. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही; पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन. म्हणजे साडेअकरा ते दीड या दोन तासांत निम्मी भरती चढणार. आपण काम आटोपून निघणार साडेबाराच्या पुढे, नेमके त्याच वेळात. ‘‘आज किल्ला नाही,’’ ती म्हणाली. कुरकुर झाली. मुलं फराळाचे डबे घेऊन आली होती, दोघांनी तर घरून नारळ आणला होता गणपतीला. ती एवढंच म्हणाली, ‘‘नारळ इथंच फोडू.’’

मग तिने पाण्याच्या कडेला एक काठी रोवायला लावली. दर दहा मिनिटांनी नवी काठी. प्रत्येक काठीपाशी वेळ आणि पावलांनी मोजलेलं अंतर लिहायचं. बाराच्या पुढे अंतरं वाढायला लागली तशी मुलं आपोआप गप्प झाली. सव्वाबाराच्या सुमारास किल्ल्याकडून एक कुटुंब परत आलं, बापाच्या खांद्यावर मूल, पाणी मांडीच्या वर. कुणाला काही झालं नाही. पण आमच्यातला तो ‘गाडीवाला नेतोय की’ म्हणणारा मुलगा त्यानंतर घरी पोचेपर्यंत तिच्या शेजारी बसला होता. इतकी वर्षं शिकवतोय, नेतृत्वाचा इतका स्वच्छ धडा मी कधी देऊ शकलेलो नाही.

आणि याला शून्य. ‘उपक्रम अपूर्ण’.

मी परीक्षकांशी भांडलो. म्हटलं, शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये हा किल्ला तिथे बांधायला घेतला तोच मुळी येणाऱ्याला आपल्या सवडीने येता येऊ नये म्हणून. आणि आपण मुलीला विचारतो की तू तुझ्या सवडीने का नाही गेलीस? मग जगभरचे दाखले दिले. 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला कुर्ट हान यांनी आउटवर्ड बाउंड सुरू केलं, तेही समुद्रामुळेच. महायुद्धात जहाज बुडालं की लाइफबोटीत तरणे खलाशी आधी हाय खातात आणि मुरलेले वयस्क खलाशी तगून राहतात, असं जहाज कंपनीच्या लॉरेन्स होल्ट यांचं म्हणणं होतं. म्हणजे ही विद्याच मुळात जिवंत परत येण्याची. 1965 मध्ये अमेरिकेत नॉल्स ही संस्था काढणारे पॉल पेट्झोल्ट तर नेत्याच्या निर्णयशक्तीला तंत्राच्याही वर मानत. परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘सर, तुमचं पटतं. पण ‘होय’ला पुरावा असतो, फोटो असतो. ‘नाही’ला काय पुरावा?’’

तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं : उपक्रम पूर्ण झालेला नसल्याने फेरतपासणीचा प्रश्न उद्भवत नाही. मुलीने पुढच्या सत्रात पुन्हा फी भरली, पुन्हा मोहीम आखली. या वेळी बस वेळेवर सुटली. किल्ला झाला, तोफांसमोर सगळ्यांचा फोटो झाला, 40 पैकी 38. भरतीची वेळ काय होती हे कुणी विचारलंही नाही. बॅनरमुळे दीड तास गेला, ही गोष्ट पहिल्या अहवालात तिने लिहिली होती. दुसऱ्यात तसं काही लिहायची गरजच पडली नाही.

माझं तर मत झालं आहे की मुलांना कॅम्पला किंवा ट्रेकला पाठवणाऱ्या आईबापांनी फी किती आणि जेवण कसलं याच्या आधी एक विचारावं : शेवटचं मागे कधी फिरलात, आणि कशामुळे? ‘आम्ही कधीच मागे फिरलो नाही’ असं जो छाती काढून सांगेल त्याच्याबरोबर पोर पाठवू नये. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने संस्थांची नोंदणी आली, सुरक्षेच्या अटी आल्या, ते चांगलंच झालं. नोंदणीचा कागद भिंतीवर लावता येतो. समोर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना ‘आज नाही’ म्हणणारा माणूस मात्र त्या कागदातून येत नाही.

हे सगळं मी ठणकावून सांगत असे. मग पुढची तुकडी आली.

सागरगडाची मोहीम होती, पाऊस नुकताच ओसरला होता. धोंडाण्याच्या धबधब्याच्या वर, सिद्धेश्वराच्या अलीकडे, नेता मुलगा थांबला. म्हणाला, ‘‘धुकं आहे सर. मागे फिरतो. निर्णय माझा.’’ धुकं होतं, पण वाट मळलेली, आणि दोन गावकरी लाकडं घेऊन तिथूनच उतरत होते. मी नियमाप्रमाणे तोंड उघडलं नाही. खाली खंडाळे गावात टपरीवर पोचतो तोच सगळ्यांनी मोबाइल काढले. भारताचा सामना सुरू झाला होता. मी गुण कापले. भरपूर कापले. त्या मुलाने तक्रार केली आणि तक्रारीला पुरावा म्हणून काय जोडलं असेल, तर एकदऱ्याच्या मुलीचा अहवाल, जो मीच वर्गात आदर्श म्हणून वाटला होता.

मी गुण वाढवले नाहीत आणि आजही वाढवणार नाही. तिच्याकडे आकडे होते, याच्याकडे नुसतं ‘धुकं’. पण रात्री पडल्या पडल्या वाटतं, हा फरक पुरेसा आहे का? डोंगरात कितीदा पाय नुसताच अडखळतो, कारण सांगता येत नाही, आणि तेच बरोबर असतं. मग त्याला मी काय देणार? परीक्षकांचा ‘नाहीला काय पुरावा’ हा प्रश्न मला अजून चुकीचा वाटतो. फक्त त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मागणी करकरून तक्त्यात नवा रकाना आला आहे : ‘बदललेल्या निर्णयाची कारणमीमांसा – 5 गुण’. जुना 40 चा तसाच आहे.

ती मुलगी आता काशीदकडच्या एका कॅम्पवर कामाला आहे. परवा तिच्या मालकांचा फोन आला. ‘‘सर, मुलगी कामाला एक नंबर आहे, पण गिऱ्हाईक परत पाठवते. सीझनचे दिवस आहेत. तुमचं ऐकेल ती, जरा समजवा.’’ त्या माणसाला पाच जणांचे पगार द्यायचे आहेत, बोटीचं कर्ज आहे. त्याची अडचण खोटी नाही. मी ‘बघतो’ म्हणालो. काय बघायचं ते अजून ठरलेलं नाही.