उतरायचे कुठे?

प्रवासाचे ठरले की आमच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो "पाहायचे काय?" हा नव्हे, तर "उतरायचे कुठे?" हा. पंढरपुरापासून महाबळेश्वरापर्यंत त्याचा निकाल आमची सौ.च लावीत आली आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला निघताना मात्र अमेरिकेत राहणारे आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, या खेपेस तुम्ही ठरवा." मी ठरवले, आणि तिथेच चुकले.

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एखादी बाग नव्हे. १९७१ च्या ऑक्टोबरात तिथे 'मॅजिक किंगडम' उघडले. आज अशी चार मोठी उद्याने आणि त्यांच्या आसपास वीसहून अधिक हॉटेले आहेत. हॉटेलांच्या पायऱ्या तीन : स्वस्त, मध्यम आणि चैनीची. चैनीच्या पायरीवरचे 'कन्टेम्पररी' उद्यानाइतकेच जुने. त्याच्या खोल्या आधी वेगळ्या बांधून, मग कपाटात खण सरकवावेत तशा पोलादी सांगाड्यात बसवल्या होत्या. मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते, आणि मॅजिक किंगडम पायी दहा मिनिटांवर. पण आम्ही चार मोठी माणसे, नऊ वर्षांचा नातू आणि दोन वर्षांची नात. पाळण्यात झोपणारे तीन वर्षांखालचे मूल तिथे मोजत नाहीत. तरी पाच उरलेच. एका खोलीत दाटी नको, म्हणजे दोन खोल्या! भाड्याचा आकडा पाहून मी दोनदा चष्मा पुसला.

मी पसंत केले ते जवळच्या किसिमी गावातले भाड्याचे घर. निजायच्या तीन खोल्या, शेगडी, कपडे धुण्याचे यंत्र, आणि भाडे बेताचे. पहिल्या रात्री सूनबाईंनी पिठले-भात केला. मी स्वतःवर फार खूष होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता ती खुषी उतरली. नात पेंगुळली, सौ.चे गुडघे बोलू लागले. घर तसे फार लांब नव्हते. पण मॅजिक किंगडमचा मोटारतळ फाटकाशी नाही, तळ्यापलीकडे आहे. आधी बोट किंवा मोनोरेल, मग मोटार, मग रस्ता. आणि परत यायचे तर हेच सारे उलटे. "मी बसते हिला घेऊन, तुम्ही पाहून या," म्हणून सौ. एका बाकावर टेकली. दोन तासांनी येऊन पाहतो तो नात मांडीवर झोपलेली, आणि सौ. तिच्यावर पदराची सावली धरून बसलेली. सातासमुद्रापलीकडे येऊन तिने पाहिले काय, तर समोरून जाणाऱ्या लोकांचे पाय! तिने तक्रार केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते.

त्याच संध्याकाळी मी चिरंजीवांना म्हटले, "जागा बदल." घराचे उरलेले भाडे बुडाले. 'आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन' हे स्वस्त पायरीवरचे, २०१२ साली उघडलेले हॉटेल. तिथे सहा माणसांची बिऱ्हाडे मिळतात. आत निजायची खोली, बाहेर सोफ्याचा पलंग, आणि जेवणाचे टेबलसुद्धा रात्री पलंग होते. न्हाणीघरे दोन! शेगडी मात्र नाही. लहानसा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. पिठले गेले, दहीभात राहिला. पण तिथली बस मॅजिक किंगडमच्या फाटकाजवळच सोडते, तळे ओलांडावे लागत नाही. शिवाय २०१९ पासून तारेवरचे पाळणे आणखी दोन उद्यानांकडे नेतात.

दुपारी आजी-नात बिऱ्हाडी येऊन जेवल्या आणि गाढ झोपल्या. संध्याकाळी ताज्यातवान्या होऊन परत निघाल्या. रात्री सिंड्रेलाच्या महालावर शोभेची दारू उडाली, तेव्हा नातीला कडेवर घेऊन सौ. म्हणाली, "दिवाळीच की हो ही!"

तेव्हा अशा ठिकाणी सहकुटुंब जाणाऱ्यांनी खोल्या मोजाव्यात, भाडेही मोजावे. पण घरातले सर्वांत म्हातारे आणि सर्वांत लहान माणूस भर दुपारी कुठे पाठ टेकणार, हे आधी विचारावे. आमच्यापुरते म्हणाल तर पुढच्या खेपेस सौ.च ठरवील.