मुरूडच्या समुद्राने शिकवलेला हिशेब

सुट्टी लागली की मुले समुद्राचा हट्ट धरतात आणि आपण चौपाटीवर भेळ खाऊ घालून त्यांची समजूत काढतो. यंदा मात्र पत्नीने भिशीचे पैसे पुढे केले आणि नऊ वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन आम्ही एस.टी.ने दापोली गाठली.

दापोलीजवळ वणंद हे माता रमाईंचे माहेर. तेथे अभिवादन करून मुरूडला उतरलो. हे महर्षी कर्वे यांचे गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकले होते. मुलांना ही गोष्ट वाटेतच सांगितली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पाण्यात गेलो. पाणी जेमतेम गुडघाभर. मुलाचा हात सोडून मी क्षणभर वळलो, तेवढ्यात परतणाऱ्या लाटेने त्याच्या पायाखालची वाळू ओढली. तो पडला आणि आत सरकू लागला. धावत जाऊन सदऱ्याला धरून ओढून काढला. मला पोहता येत नाही. तो आणखी चार हात आत असता तर? हा विचार आजही झोप उडवतो.

मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, ओहोटीला पोरं पाण्यात सोडतात का? आज पंचमी. पावणेचारला भरती झाली, आता पाणी आत ओढतंय."

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता दिवसा आणि रात्री भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा मुलांना लांबच ठेवावे. मी बी.कॉम., रोज कचेरीत आकडेमोड करतो. पण हा हिशेब मला कोणी शिकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी षष्ठी, म्हणजे भरती साडेचारला. सकाळी अकरानंतर, पाणी चढू लागल्यावर, दोघांचे हात धरून घोट्यापर्यंतच उतरलो. दुपारनंतर हर्णै बंदरातून समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहिला, मासळीचा लिलाव पाहिला. मुले खूश होती.

पालकहो, समुद्रावर जरूर जा. आधी कॅलेंडरात तिथी पाहा, गावकऱ्यांना विचारा आणि मुलाचा हात सोडू नका. परतल्यावर मी मुलीबरोबर पोहायच्या वर्गात नाव घातले आहे. चाळिशी उलटली म्हणून काय झाले? शिकायला वय नसते.